कळवा त्यांना

"मुकी आहे हो बिचारी."

असं म्हणून ते चिप तळहातावर उताणी ठेवायचे. चाळीस पायांची ती काळी वस्तू पाय वर करून पडलेली असायची आणि ते तिच्यावर हलकी फुंकर घालायचे. लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर आई घालते ना, तशी. मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघून पुढचं वाक्य यायचं. "तुम्ही आणून दिलीत, फुकट दिलीत, उपकार झाले. पण हिला बोलायला शिकवायचं तर तुमचे लोक लाखाच्या वर मागतात. हे काही बरं नाही. कळवा त्यांना."

"कळवतो," मी म्हणायचो.

हा संवाद आमच्यात जवळजवळ दहा वर्षं झाला. शब्द तेच, फुंकर तीच. 'कळवतो' म्हणताना मी मान कशी डोलवायचो तेही मला आठवतं. मला तेव्हा वाटायचं, किती छान डोलवतो आपण!

मी त्या काळी चिपा विकायचो. चिपा बनवणारी कंपनी सातासमुद्रापार, तिचं एक ऑफिस बंगळूरला, तिच्या मालाचा वितरक पुण्यात, आणि त्या वितरकाच्या पगारावर एक स्कूटर, एक बॅग आणि एक जीभ घेऊन फिरणारा मी. तिन्हींत जीभ सगळ्यात जास्त चालायची. गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवणं हा माझा जोडधंदा होता, आणि खरं सांगायचं तर मुख्य धंद्यापेक्षा त्यातच मला जास्त गती होती.

घोटावड्याच्या फाट्यावरून आत वळलं की भातखाचरांच्या मधोमध पत्र्याच्या शेडांची एक रांग होती. पहिल्या शेडमध्ये प्लास्टिकच्या बादल्या, दुसऱ्यात नट-बोल्ट आणि तिसऱ्यात हे. मूळचे परभणीकडचे. पंधरा वर्षं पुण्यात एका कारखान्यात नोकरी केली, मग जमवलेलं सगळं त्या शेडमध्ये ओतलं आणि शेतातल्या पंपांना लावायच्या पेट्या करायला लागले. वीज आली की पेटीनं पंप आपोआप सुरू करायचा, विहिरीतलं पाणी संपलं की थांबवायचा, तीनपैकी एखादा फेज गेला की मोटर जळायच्या आत बंद करायचा. एवढंच काम. पण त्यासाठी पेटीच्या पोटात एक चिप लागायची, आणि ती मी पुरवायचो.

"या चिपवाले," ते म्हणायचे. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी वापरलं नाही. मीही इथे त्यांचं नाव घेत नाही, तेव्हा फिट्टंफाट.

शेडमध्ये वायरिंगला चार बायका होत्या. त्यांची मुकादम पारूबाई. अख्खं इलेक्ट्रॉनिक्स पारूबाईनं एका वाक्यात आणून ठेवलं होतं. "लाल वायर आन् काळी वायर, ह्यांचं लगीन लावायचं न्हाई. येवढं कळलं की झालं."

आता तुम्ही विचाराल, मुकी म्हणजे काय? नवी चिप कोरी असते. तिनं काय करायचं ते माणसानं लिहून काढायचं, आणि ते लिहिलेलं तिच्या भाषेत उलटवून तिच्यात भरायचं. हे उलटवण्याचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला कंपायलर म्हणतात. चिप आम्ही नमुना म्हणून फुकट द्यायचो, दोन द्यायचो, चार द्यायचो. कंपायलर मात्र विकत, आणि त्याची किंमत ऐकून शेडवाले आधी हसायचे आणि मग माझ्याकडे रागानं बघायचे. अगदीच कुणी उपाशी मरू नये म्हणून कंपनीनं एक चाखायची आवृत्ती काढली होती. ती फुकट होती, पण तुमचा प्रोग्राम दोन केबीच्या वर गेला की ती काम करायचं थांबायची. दोन केबी म्हणजे किती? एका आंतरदेशीय पत्रावर बारीक अक्षरात मावेल इतका मजकूर.

त्या आंतरदेशीय पत्रात या माणसानं संसार केला.

मी पोचलो की चहाच्या आधी बातमी मिळायची. "काल अकरा बाईट सुटले!" एखाद्यानं बाजारात घासाघीस करून कोथिंबिरीची जुडी वर मिळवावी तसा चेहरा. कुठे दोन ओळींचं काम एका ओळीत बसवलेलं असायचं, कुठे एकच ओळ दोन ठिकाणी राबवलेली असायची. पेटीवर एक छोटा पडदा होता. त्यावर आधी इंग्रजीत 'पाणी नाही' असं पूर्ण यायचं. मग जागा कमी पडायला लागली तशी त्यातली अक्षरं गळत गेली, आणि शेवटी उरलं नुसतं एक अक्षर, डब्लू. फेज गेला की पी. सगळं ठीक असलं की ओ.

मी म्हटलं, "अहो, शेतकऱ्यांना हे काय कळणार?"

पारूबाईनं सोल्डरिंगवरून मान वर न करता मला गप्प केलं. "तुमाला कळंना व्हय? आमच्या सासऱ्याला कळतंय. डब्लू म्हंजी व्हीर कोरडी. पी म्हंजी वायरमनला हाक मारा. ओ म्हंजी घरी जाऊन जेवा."

आणि खरंच, पुढे मुळशीपर्यंतच्या बांधांवर मी म्हातारे लोक एकमेकांना सांगताना ऐकले आहेत, "आज सकाळपासनं डब्लूच हाय."

तुम्ही जर कधी अशा शेडांच्या रांगेत वावरला असाल, तर तुम्हाला त्या काळातलं एक उघड गुपित माहीत असेल. पूर्ण कंपायलर, कुलूप तोडलेला, सीडीवर मिळायचा. सगळ्यांकडे होता. एकदा मीही त्यांना एक सीडी दिली. वर मार्करनं 'आरती संग्रह' असं लिहिलेलं होतं, कुणी तपासायला आलं तर असावं म्हणून.

"कुणाच्या आरत्या?" त्यांनी विचारलं.

"लावून तर बघा."

त्यांनी लावली. पडद्यावर काय आलं ते पाहिलं. मग सीडी काढून तिच्या कडा शर्टाला पुसल्या. "हे लिहायला त्या लोकांनी किती वर्षं घातली असतील?"

"मला काय माहीत?"

"मलाही नाही. पेटीवर मी माझं नाव घालतो हो. आत चोरीचं भरून वर माझं नाव कसं लिहू?"

"अहो, मग ते विकत घेणं तुम्हाला परवडत नाही, फुकटचं तुम्हाला चालत नाही. करणार काय तुम्ही?"

"मागणार," ते म्हणाले. "न विचारता घ्यायची लाज वाटते. मागायची कसली लाज?"

पुढच्या खेपेला गेलो तर शेडच्या मागे, पारूबाईनं लावलेल्या वांग्यांच्या वाफ्यात, एका काठीला 'आरती संग्रह' टांगलेला. वाऱ्यानं गरगर फिरत होता, उन्हात चमकत होता. पारूबाई कौतुकानं म्हणाली, "लई गुणाची तबकडी दिली तुमी. एक पाखरू फिरकंना."

आणि त्यांनी खरोखरच मागायला सुरुवात केली. कंपनीला पहिलं पत्र लिहिलं. डॉट मॅट्रिक्सवर छापलेलं, कडेची भोकं नीट फाडून काढलेली, एक प्रत फायलीला. पोस्टात टाकायला निघालेच होते. मीच त्यांना अडवलं.

"पोस्टानं? थेट टोपलीत जाईल. माझ्याकडे द्या. बंगळूरला मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवतो, माझ्या हातानं."

त्या क्षणी माझ्या मनात खोट नव्हती. मी स्वतःला तसाच दिसत होतो, साहेबांच्या टेबलावर पत्र ठेवणारा.

पत्र इंग्रजीत होतं, पण विचार केलेलं मराठीत. मला ते अजून पाठ आहे. "महोदय, आपली चिप आमच्याकडे विहिरीच्या काठावर, पत्र्याच्या पेटीत, पालींच्या सोबतीनं राहते. गेल्या पावसाळ्यात एकही आजारी पडली नाही. आपलं अभिनंदन. आता एक विनंती. माझ्या एका पेटीत आपली एक चिप जाते. मी जितक्या पेट्या करीन तितक्या आपल्या चिपा खपतील. मग मला कंपायलरच्या दारात अडवून आपला काय लाभ? कंपायलर लिहिणाऱ्यांनाही संसार आहे, हे मी जाणतो. त्यांचा मोबदला चिपेच्या किमतीत थोडा थोडा घालावा. मी तो आयुष्यभर देत राहीन. पण दार उघडावं."

पुण्याच्या ऑफिसात आमच्या मॅनेजरनं ते वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. हसून हसून.

"आपण कंपायलर विकतो की नाही?" त्यानं विचारलं.

"विकतो."

"त्यावर आपल्याला चिपेपेक्षा जास्त सुटतं की नाही?"

"सुटतं."

"मग ते फुकट वाटा असं सांगणारं पत्र आपणच पोचवायचं?" त्यानं घडी घातली, माझ्या खिशात सरकवली आणि खिसा थोपटला. "ठेव तुझ्याकडे. करमणूक होईल."

मी ते टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. नंतर दुसरं आलं, तेही ठेवलं. मग तिसरं. साधारण वर्षाला एक. प्रत्येकाची सुरुवात चिपांच्या खुशालीनं. "यंदाच्या उन्हाळ्यात पेटीत हात घालवत नव्हता, पण आपली चिप डगमगली नाही." "एका पेटीत मुंग्यांनी घर केलं. दोघींचं पटतं आहे." सून चांगली निघाल्याबद्दल सासरच्यांनी माहेरी लिहावं, तसं.

आणि करमणूक झाली. मुळशी धरणाच्या काठावर एका रिसॉर्टमध्ये आमच्या कंपनीचा वार्षिक मेळावा होता. बंगळूरहून कंपनीचे साहेब लोक आले होते. समोर पाणी, हातात ग्लास, आणि कुणीतरी म्हणालं, "अरे, त्या घोटावड्याच्या माणसाचं करून दाखव ना!" मग काय विचारता! मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, तळहातावर एक भजं उताणं ठेवलं, फुंकर मारली. पालींचं वाचलं. मुंग्यांचं वाचलं. लोक टेबलावर हात आपटत होते. मी इतका रंगलो होतो की त्यांच्या आवाजातलं ते शेवटचं "पण दार उघडावं" मी दोनदा म्हणून दाखवलं, दुसऱ्यांदा जास्त गहिवरून.

बंगळूरचा साहेब हसू आवरत म्हणाला, "अरे, उस आदमी को एक टी-शर्ट भेज दो यार."

म्हणून मी त्यांना टी-शर्ट नेऊन दिला. निळा, छातीवर कंपनीचं चिन्ह. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला.

"म्हणजे वाचली त्यांनी पत्रं."

"ऐकली," मी म्हणालो. बघा, जीभ कशी असते! खोटं तर नव्हतंच ते.

त्या दसऱ्याला शेडमध्ये हत्यारांच्या पूजेला मी होतो. स्क्रू-ड्रायव्हर, सोल्डरिंग आयर्न, मीटर, सगळं पाटावर मांडलेलं. यांनी शर्टावरून तो टी-शर्ट चढवलेला. आणि सगळ्यांच्या मधोमध ती दोन केबीवाली सीडी, कुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलेली.

"हिला कशाला वं कुकू?" पारूबाईनं विचारलं.

"हत्यार आहे ते."

"आन् वाफ्यातली?"

"ती बुजगावणं."

निघताना त्यांनी मला सोनं दिलं, आपट्याची दोन पानं, आणि चौथं पत्र. "कळवा त्यांना," म्हणाले. "आता ते ऐकतायत."

मग मोबाइल आले. बघता बघता प्रत्येक बांधावर आले, आणि शेतकऱ्यांना वाटायला लागलं, आता विहिरीवर जायचं तरी कशाला? घरूनच फोन करावा आणि मोटर सुरू व्हावी. नट-बोल्टवाल्या शेडच्या जागी एक नवा पेटीवाला आला होता. त्यानं सहा महिन्यांत तशी पेटी काढली. त्याच्याकडे पूर्ण कंपायलर होता, कुलूप तोडलेला. त्याला ती सीडी कुणी दिली, हे तुम्ही ओळखलं असेलच.

यांच्या दोन केबीत मोबाइल मावत नव्हता. कंपायलर बाजूला ठेवून नुसत्या चिपेच्या बोलीत एकेक ओळ लिहायची तर दोन वर्षं गेली असती, आणि डोळे आधीच थकले होते. गिऱ्हाइकं शेडमध्ये यायची, जुन्या ओळखीनं चहा प्यायची आणि जाताना कानकोंडी होऊन सांगायची, "साहेब, तुमची पेटी लई चांगली. पर बोलत न्हाई वं ती."

"माहीत आहे," ते म्हणायचे. "मुकी आहे बिचारी."

चार बायकांच्या दोन झाल्या, दोनाची एकटी पारूबाई. सातवं पत्र त्यांनी मला दिलं तेव्हा फुंकर नव्हती, काही नव्हतं. पिरंगुटच्या पुढे स्कूटर थांबवून मी ते वाचलं.

"महोदय, आपल्या चिपा सुखरूप आहेत. मी तितकासा नाही. फुकट देणं शक्य नसेल तर हप्त्यानं द्यावं. तेही नसेल तर एका वर्षापुरतं द्यावं. तेवढ्यात मी माझं काम उरकीन. शेड चालू राहणं आता आपल्या उत्तरावर आहे."

हे मी कुठेही वाचून दाखवलं नाही. पाठवलंही नाही. पाठवायचं फार मनात आलं, शपथेवर सांगतो. पण सातवं पोचलं असतं तर आधीची सहा कुठे आहेत, असा प्रश्न आला असता. मी ड्रॉवर उघडला, ते सहांवर ठेवलं आणि ड्रॉवर लावला. तो नीट लागत नव्हता. मी गुडघ्यानं ढकलला.

शेड बंद झाली. मला ते कळलंही उशिरा, कारण मी तिकडे जायचं टाळत होतो.

आणि मग एक दिवस ऑफिसात परिपत्रक आलं. कंपनीनं कंपायलर फुकट केला होता. पूर्ण, विनामर्यादा, कायमचा. दुसऱ्या एका चिपवाल्या कंपनीनं तसं केलं म्हणून हिलाही करावं लागलं, असं मॅनेजर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. परिपत्रकात कारण मात्र सरळ दिलं होतं. लोक जितकी उपकरणं करतील तितक्या आपल्या चिपा खपतील. मी ते वाक्य दोनदा वाचलं. ते मला पाठ होतं.

मी सीडी करून घेतली आणि घोटावड्याला गेलो. शेडला कुलूप. मागच्या वाफ्यात वांगी नव्हती, काठी होती, आणि तिच्यावर पांढुरकी पडलेली तबकडी. पारूबाईचं घर तिथून जवळच. ती दारात आली. "साहेब लई आजारी हायेत. बावधनला घरीच असत्यात. तुमी आला न्हाईत कंदी ते?"

बावधनचं त्यांचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. दार वहिनींनी उघडलं. आतल्या खोलीत ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. काविळीचं निमित्त झालं होतं आणि तपासण्यांत आतलं मोठं दुखणं निघालं होतं. अंगात तोच निळा टी-शर्ट. पूर्वी शर्टावरून घट्ट बसायचा, आता खांद्यावरून घसरत होता.

"या चिपवाले."

मी सीडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी वरचं लेबल वाचलं. आरत्या नाहीत याची खात्री करत असावेत.

"मर्यादा किती?"

"नाही."

"किती दिवस?"

"कायमचं."

"कुलूप?"

"नाही. कंपनीनंच दिलंय. सगळ्यांना."

त्यांनी सीडी तळहातावर उताणी ठेवली आणि तिच्यावर हलकी फुंकर घातली. मग हाक मारली, "अगं, ऐकलंस का? पोचली पत्रं! या चिपवाल्यांनी पोचवली."

वहिनी पदराला हात पुसत आल्या. मला म्हणाल्या, "फार उपकार झाले हो तुमचे. दर वर्षी वाट बघायचे."

मी तुम्हाला सांगितलं ना, माझ्याकडे एक स्कूटर, एक बॅग आणि एक जीभ होती. त्या दिवशी स्कूटर आणि बॅग चालू होत्या.

पुढचा महिनाभर ते रोज तासभर उठून बसायचे. पलंगाला कॉम्प्युटरचं टेबल लावून घेतलं होतं. मला वाटलं, मोबाइलचा भाग लिहीत असतील. एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर एक पेटी उघडी होती. त्यांनी एक वायर काढली, म्हणजे विहीर कोरडी केली. पडद्यावर डब्लू यायला हवा होता. त्याऐवजी रोमन अक्षरांत, सावकाश, एकेक शब्द सरकत आला:

"विहिरीत पाणी नाही. मोटर बंद केली आहे. काळजी नसावी."

"मोबाइलचं?" मी विचारलं.

"ते करीन की. आधी हे," ते म्हणाले. "इतकी वर्षं तिला तुसड्यासारखं एकाक्षरी बोलायला लावलं मी. लोकांनी समजून घेतलं, त्यांचा मोठेपणा."

त्याच दिवशी त्यांनी आठवं पत्र दिलं. आभाराचं. "महोदय, विहिरीच्या काठावर राहणाऱ्या आपल्या चिपा खुशाल आहेत. माझ्या सात पत्रांना आपण उत्तर दिलं नाहीत, परंतु दार उघडलंत. उत्तर यापेक्षा वेगळं काय असतं?"

"कळवा त्यांना," ते म्हणाले.

"कळवतो," मी म्हणालो. ते मी पाठवलं. परिपत्रकाच्या तळाशी कंपनीचा परदेशातला पत्ता होता, त्या पत्त्यावर, रजिस्टर्ड. पोस्टाची पावती अजून माझ्याकडे आहे. एवढी एकच आहे.

मोबाइलचा भाग अर्धा राहिला. दसऱ्याच्या आठ दिवस आधी ते गेले.

दोनेक महिन्यांनी पारूबाईचा फोन आला. शेडच्या पत्त्यावर परदेशातून पाकीट आलं होतं आणि पोस्टमननं ते तिच्याकडे दिलं होतं. मी ते घेऊन बावधनला गेलो. वहिनींनी पाकिटावरचं त्यांचं नाव एकदा वाचलं, कात्रीनं कड कापली आणि कागद माझ्यापुढे धरला. "इंग्रजी फार बारीक आहे. तुम्हीच वाचा. तुम्ही छान बोलता, हे म्हणायचे."

मी मराठी करत वाचायला लागलो. कंपायलर लिहिणाऱ्यांपैकीच एकाचं पत्र होतं, हातानं लिहिलेलं. "आपलं पत्र आम्ही आमच्या खोलीच्या भिंतीवर लावलं आहे. आमची चिप विहिरीच्या काठावर राहते, हे आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं…" पुढचं वाक्य माझ्या डोळ्यांनी आधी वाचलं आणि मी थांबलो.

"संपलं?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"मग?"

मी वाचलं. न डोलता, कसलाही आवाज न काढता. "आपण याआधी सात पत्रं पाठवल्याचं लिहिलं आहे. आम्ही बंगळूरच्या ऑफिसातही विचारलं, सगळीकडे शोधलं. एकही सापडलं नाही. आपल्याकडे प्रती असतील तर पाठवाल का? आम्हाला त्या वाचायच्या आहेत."

मग मी त्यांना ड्रॉवरचं सांगितलं. मॅनेजरचं सांगितलं. रिसॉर्टचं आणि टी-शर्टचंही सांगितलं. भज्याचंही सांगितलं.

वहिनी ऐकत होत्या. माझं संपल्यावर उठल्या आणि आतून फाइल आणली. सात प्रती, तारखेप्रमाणे लावलेल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात त्यांच्या बारीक अक्षरात एकच शेरा होता: "चिपवाल्यांच्या हाती दिलं. पोचेल."

"तुमची स्कूटर आहे ना खाली?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"चला. या खेपेला मी येते पोस्टात."

त्या मागे बसल्या, फाइल छातीशी धरून. पोस्टात पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं नाही. कारकुनानं वजन केलं, तिकिटं चिकटवली, शिक्का मारला. त्यानं ते मागच्या पोत्यात टाकेपर्यंत त्या खिडकीशी उभ्या होत्या. मागच्या माणसानं "आजी, सरका की" म्हटलं, तरी हलल्या नाहीत.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मी चालत जाईन." चार पावलं गेल्या, आणि थांबल्या.

"पारूबाईंना कळवा. पत्रं गेली म्हणून."

"कळवतो," मी म्हणालो.

"आत्ता," त्या म्हणाल्या, आणि मी फोन लावेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.